कूस बदला, गुरुजी!

दुपारी जेवून घटकाभर आडवं होणं हा काय गुन्हा आहे? नामदेवरावांच्या लेखी आहे! मी बदली होऊन सौसरच्या शाळेत आलो आणि हे संत्र्याचे बागवाले शेजारी म्हणून नशिबी आले. डोळा लागला रे लागला की ओसरीवर चढून माझा खांदा गदागदा हलवायचे. "कूस बदला, गुरुजी! एका अंगावर काय पडून राह्यले? आतडे चिकटतीन ना!"

अहो, आतडी माझी! मी पाहीन त्यांचं काय ते!

पांढुर्ण्याच्या स्टेशनवर तर त्यांनी बाकावर झोपलेल्या फौजदाराला उठवलं. मार खाता खाता वाचले, आणि निघताना त्यालाच दटावून आले, "आता डाव्या कुशीवर, साहेब!" संत्र्यांनाही चैन नव्हतं. तोडलेल्या फळांचा ढीग दिवसातून इतक्यांदा उलटापालटा करवायचे की मजूर वैतागत.

राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही मराठी बोलणारे इकडे हिंदी राज्यात राहिलो. तेव्हा चावडीवर ते कडाडले, "जे चिकटून होतं ते तोडलं! अन् जे सुटं पाह्यजे ते चिकटवलं!" पहिलं सगळ्यांना कळलं, दुसरं कोणालाच नाही.

पुढे माझी आई तापानं फणफणली. तीन दिवसांनी तिचा डोळा लागला, आणि या गृहस्थांनी तिला उठवलं! माझं टाळकंच सरकलं. दंडाला धरून बाहेर काढलं. "लाज नाही वाटत? झोपू द्या की माणसाला!"

ते पायरीवर बसले. "म्याही झोपू देलं होतं, गुरुजी."

त्यांच्या बायकोच्या पोटात कॅन्सर होता. नागपूरच्या डॉक्टरनं नळीनं पोटात नवं औषध सोडलं आणि सांगितलं, दर पाव तासानं कूस बदलवा, औषध सगळीकडे फिरलं पाहिजे. "म्या म्हटलं, जन्मभर संत्रे फिरवून राह्यलो, मले काय सांगता? पण दुपारी तिचा डोळा लागला. कितीक दिवसांनी! कपाळावरची आठी गेली होती जी. नाही फिरवलं म्या."

महिन्याभरानं तिला घास उतरेना. पोट उघडलं तर आतडी एकमेकांना चिकटलेली. त्यातच ती गेली. डॉक्टर म्हणाले, ते औषधच जालीम. आतलं अस्तर भाजून काढतं, आणि भाजलेल्या जागा भरताना एकमेकींना जुळतात. तुमचा दोष नाही.

"खोटं बोलला तो!" नामदेवराव ओरडले. "मले बरं वाटावं म्हणून माझ्या तोंडावर खोटं बोलला!"

डॉक्टर खरंच बोलले असतील, हे मी दहादा सांगितलं. ऐकतो कोण! मला भयंकर राग आला, आणि तो कोणावर काढावा तेच कळेना.

त्यानंतर ते माझ्याकडे फिरकले नाहीत. एक दुपार गेली, दुसरी गेली. मला झोपच लागेना! चौथ्या दिवशी मी तडक त्यांच्याच ओसरीवर जाऊन आडवा झालो, डोळे मिटले आणि मोठ्यानं घोरायला लागलो.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग खांद्यावर हात आला. या वेळी हलवलं नाही त्यांनी.

"कूस बदला, गुरुजी."

मी बदलली.