आधी एक चमचा

लग्नाच्या पंगतीत इंदूअक्का लोकांच्या ताटाकडे बघत नसत, गळ्याकडे बघत. घास तोंडात ठेवून कुणी बोललं, की समोरून आवाज यायचा, "आधी गिळा, मग बोला." एकदा नवरदेवालाच ऐकवलं.

धुळ्यातल्या एका रुग्णालयात त्या लकव्याच्या रुग्णांच्या सिस्टर होत्या, मी कार्यालयात मोठा कारकून. आपल्याकडे माणूस लुळा पडला की घरचे आधी चहा-पाणी पाजतात. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात उतरतं. म्हणून अक्का प्रत्येकाला बसतं करून चमचाभर पाणी देत. ठसका लागला, की खाटेला पाटी: 'तोंडाने काही देऊ नका.' मग नाकातून नळी. डॉक्टरसुद्धा हसायचे.

एरंडोलचा एक टेलर एकदा अहिराणीत भडकला. "मना बापले तहान लागेल शे! तू जल्लाद शेस का?"

"शे," अक्का म्हणाल्या. "पाटी वाच."

त्याच्याच बापाला मी पाणी पाजलं. सही घ्यायला वॉर्डात गेलो होतो. अक्का पलीकडच्या खाटेपाशी होत्या. म्हाताऱ्याने हलत होता तो एक हात कपाळाला लावला आणि पेल्याकडे बघितलं. पाटी मी वाचली होती. तरी अर्धा पेला पाजला. त्याला ठसका लागला, तसा मी निघून आलो. दुसऱ्या दिवशी ताप, मग न्यूमोनिया. म्हातारा गेला.

चौकशीचा अहवाल मीच लिहिला. 'पाणी कोणी पाजले ते समजले नाही. सिस्टरचे दुर्लक्ष.' अक्कांना चादरींच्या कोठारात बसवलं. वॉर्डातल्या पाट्या उतरल्या. निवृत्तीपर्यंत अक्का तिथेच चादरी मोजत राहिल्या, आणि चहा पिणाऱ्या धोब्याचा गळा बघत राहिल्या.

आता त्या वॉर्डात नव्या डॉक्टरांनी चमच्याची तपासणी सक्तीची केली आहे. तिथे ती पहिल्यांदा कोण करायचं, हे कुणाला ठाऊक नाही. म्हणून हे लिहितो आहे.

गेल्या महिन्यात यावलला जाऊन अक्कांना सगळं सांगितलं. त्या एकट्याच राहतात.

"माहीत होतं, नाना. त्या दिवशी तुमची बाही ओली होती."

"मग बोलला का नाहीत? राग नाही आला?"

"चादरी मोजताना यायचा. पण त्या दिवशी आधी हेवा वाटला." त्या अंगणाकडे बघत राहिल्या. "तीन दिवस तो पाण्यासाठी कपाळाला हात लावायचा, आणि मी त्याच्या खाटेजवळून खाली मान घालून जात होते."