नाना आणि न कापणारं पातं

माझं लग्न ठरलं ते आमच्या माहेरच्या विळीमुळं.

माझं माहेर घोडेगावच्या पुढं, डोंगराकडं. निमगाव सावाहून पाहुणे मला बघायला आले, तेव्हा त्यांच्यात एक उंच, वाळका म्हातारा होता. बाकीच्यांनी नाव विचारलं, शाळा विचारली. मी "चौथी" म्हणाले ते कुणालाच ऐकू गेलं नाही, म्हणून भावानं पुन्हा सांगितलं. म्हातारा माझ्याकडं बघतच नव्हता. त्यानं पोह्यांची बशी खाली ठेवली आणि आईला म्हणाला, "बाई, घरातली विळी जरा दावता का?"

आईला वाटलं, ह्यांना पोह्यांवर कांदा हवा असेल. तिनं विळीबरोबर कांदाही आणला. म्हाताऱ्यानं कांदा बाजूला ठेवला, पात्यावर अंगठा आडवा फिरवला आणि डोळे मिटले.

"मधी झिजलीय," तो म्हणाला. "दोनी टोकं तशीच हायेत. म्हंजे रोज भाजी चिरली जाती, आन् चिरनारीचा हात ठरल्या जागी पडतो. पोरगी करा."

भाजी आई चिरायची. पण ते सांगायची वेळ निघून गेली होती.

हे आमचे नाना. माझ्या नवऱ्याचे चुलते, म्हणजे माझे चुलत सासरे. घर एकच, दारं दोन. नानांची बायको लवकर गेली होती आणि एकुलती एक मुलगी सुमन लग्न होऊन कॅनडाला गेली होती. त्यामुळं नाना जेवायला आमच्याकडं आणि झोपायला त्यांच्या दारी. मधला सगळा वेळ ते पायरीवर. पुढ्यात काळा दगड, शेजारी पाण्याचा डबा, आणि हातात कुणाची तरी धार.

धार लावणं हा नानांचा धंदा नव्हता. शेती होती. पण बोथट वस्तू दिसली की त्यांना चैन पडायचं नाही. कुणाकडं पाहुणे म्हणून गेले तर चहाच्या आधी विळी मागायचे. एकदा भाचीच्या लग्नात अक्षता वाटून झाल्या आणि नवरीचा मामाच सापडेना. मामा म्हणजे हेच. शेवटी ते मांडवामागं सापडले, आचाऱ्याच्या सुऱ्या घेऊन बसलेले. "वाईच थांबा राव," ते म्हणाले, "ह्यानं मिरच्या चिरायच्यात का चेचायच्यात?"

कुणी काही घेऊन आलं की नाना आधी एकच विचारायचे, "कापायचं काय?"

"ऊस, नाना."

"कंचा? नवी लागन का जुना खोडवा?"

ते कळल्याशिवाय दगडावर पाणी पडायचं नाही. एकदा एकजण सुरी घेऊन आला आणि "कायबी कापायचं" म्हणाला. नानांनी सुरी परत दिली. "कायबीला धार नसती. आधी ठरवून ये."

निवडण्याचंही तसंच. जुन्नरच्या बाजारात विळा घ्यायला गेले की ढिगातला एकेक उचलून नखानं वाजवायचे आणि कानाशी धरायचे. विकणारा वैतागून म्हणायचा, "नाना, विळा घेताय का तंबोरा?" नाना पुढचा विळा वाजवायचे.

मला ते विक्षिप्तच वाटायचे. एक गोष्ट मात्र सांगते. मी डावखुरी आहे. सासरी आल्यावर ते मी लपवलं. उजव्या हातानं खुरपायचे, मागं पडायचे आणि बोलणी खायचे. एके दिवशी माझं खुरपं जागेवर नव्हतं. संध्याकाळी ते परत जागेवर आलं, धारेचा उतार उलट्या बाजूनं काढलेला. डाव्या हाताला बसेल असा. नाना त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही. सासऱ्यांशी बोलायची तेव्हा रीतच नव्हती, आणि माझ्या तर तोंडातून कुणाशीच शब्द निघायचा नाही.

गावात घरोघर फोन आले, त्या सुमारास सुमनवन्सं बऱ्याच वर्षांनी आल्या. बरोबर त्यांची मुलगी केतकी. नानांनी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती पाळण्यात होती. आता ती आईच्या खांद्याला लागली होती. मराठी तिला कळायचं, पण बोलताना शब्द शोधत बसायची. नाना तिच्याकडं बघायचे, ती नानांकडं बघायची, आणि दोघं मिळून सुमनवन्संकडं बघायचे.

तिच्याजवळ एक पिशवी होती. ती कुणाला धरू द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी तिनं ती आमच्यासमोर उघडली. आत पांढरे बूट होते. ते उलटे केले तर खाली, टाचेपासून चवड्यापर्यंत, पोलादाचं पातं.

आम्ही सगळे वाकून बघू लागलो. मला तर पहिल्यांदा वाटलं, त्या देशात गवत पायानं कापतात.

नाना पुढं सरकले. "कापायचं काय?"

"काही नाही नाना," सुमनवन्सं म्हणाल्या. "हे घालून बर्फावर नाचतात."

"बर्फ कापायचा?"

"नाही. घसरायचं."

"घसरायला धार कशाला? आमी तर बिनधारंचं घसरतो."

वन्संनी फोटो दाखवला. पांढरं अंगण, त्यावर आखूड झग्यात केतकी, एक पाय मागं उचललेला. ते अंगण घराच्या आत असतं, वर छप्पर असतं आणि खाली सगळा बर्फ असतो, असं त्या म्हणाल्या. छपराखाली बर्फ कशाला करायचा, बाहेर एवढा पडतो तर, हे मला समजलं नाही. आजही समजलेलं नाही.

नानांनी फोटो बाजूला ठेवला आणि बूट उचलला. पात्याच्या पुढं करवतीसारखे काही दाते होते. "दाते काढायला घेतले आन् चार काढून मानूस जेवायला गेला," ते म्हणाले. मग अंगठा फिरवला आणि थबकले. "मधी नाली हाय. दोन धारा हायेत ह्याला. येका पात्याला दोन धारा?" मग मागं बघितलं. "आन् हितं मागून तुटलंय."

"तुटलं नाही हो. मुद्दाम आखूड असतं. केती आता जोडीनं नाचते ना, म्हणून पाती बदलली. दुकानात तीन खेपा घातल्या तेव्हा निवडली."

"वाजवून घेतली का?"

"वाजवून नाही घेत तिकडं."

"मंग निवडली कशी?" नानांनी पात्यावर नख मारलं आणि कान लावला. "आवाज बरा हाय," असं म्हणून मग विचारलं, "कुनाच्या जोडीनं नाचती?"

"मैत्रिणीच्या," वन्सं घाईनं म्हणाल्या.

"डॅनियल," केतकी म्हणाली. "मुलगा आहे तो."

आमच्या ह्यांनी छताकडं बघितलं. मी पदर नीट केला. नाना बराच वेळ पात्याच्या मागच्या टोकावर बोट फिरवत राहिले. "म्हंजे जवळ नाचताना त्या पोराच्या पायाला लागू न्हाई, म्हनून मागनं कमी केलंय," ते म्हणाले. "करनारा शाना हाय."

आणि बूट न ठेवता त्यांनी डावा हात दगडाकडं नेला.

"नाना," वन्संचा आवाज चढला, "ह्याला हात लावायचा नाही. तिकडं एक माणूस आहे, तोच धार लावतो. परत गेल्या गेल्या तिची परीक्षा आहे. धार बिघडली तर तिची वर्षाची मेहनत जाईल."

"मानूस कंचा?"

"आहे एक म्हातारा."

"बरं," नाना म्हणाले आणि बूट ठेवला.

त्यानंतर आमच्या घराची शांतता गेली. नाना जेवताना पिशवीकडं बघायचे. पायरीवर बसून आमची विळी पाजवायचे आणि मधेच विचारायचे, "सुमे, त्यो म्हातारा पानी लावून घासतो का तेल?" वन्संना ठाऊक नसायचं. "पोरीला इचार." केतकीलाही ठाऊक नसायचं. धार कुणाची, ती लावतं कोण, कापायचं काय, काहीच कुणाला ठाऊक नाही आणि तरी नाच चाललाय, ह्याचा नानांना त्रास होत असावा. माझी विळी त्या दिवसांत इतक्या वेळा पाजवून झाली की धारेच्या भीतीनं मी भाजी हातानं मोडू लागले.

जायच्या आदल्या दिवशी आमचे हे वन्संना आणि केतकीला शिवनेरी दाखवायला घेऊन गेले. नाना गुडघा दुखतो म्हणाले. निघताना वन्संनी पिशवी माझ्या हातात दिली. "वहिनी, तुमच्या हवाली. नानांना देऊ नका."

मी मान हलवली. मनात म्हटलं, मागितली तर मी नाही कशी म्हणणार?

पण जीप वळणाआड गेली आणि नानांचा गुडघा बरा झाला. पिशवीकडं न बघताच ते नारायणगावच्या गाडीला गेले.

दुपारी एसटीतून उतरले ते गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी खांद्यावर घेऊन. सदऱ्यातून पाणी गळत होतं आणि मागून गाडीतली चार माणसं टोप्या काढून गप्प चालत येत होती. आमच्याकडं बर्फाची लादी एकाच कामाला येते. घरात कुणी गेलं आणि लेकरू लांबून यायचं असलं की, देह टिकवायला. गाडीत कंडक्टरनं विचारलं होतं, "बाबा, बर्फ कशाला?" नाना म्हणाले होते, "पोरीसाठी." झालं. अख्ख्या गाडीनं उठून जागा दिली. कंडक्टरनं तिकिटाचे पैसे घेतले नाहीत.

ती माणसं अंगणात येतात तोवर वरच्या आळीच्या दोन बायका पदर तोंडाला लावून आल्या. माझ्याकडं बघून एकीनं हुंदका दिला. मी आपली तिच्या शेजारी बसले. कोण गेलं हे मलाही कळत नव्हतं, पण रडू येऊ लागलं.

"कुनी गेलं न्हाई," नाना ओरडले. "पोर नाचती."

हे ऐकून बायका आणखी रडल्या. त्यांना वाटलं, म्हातारा भ्रमला. सगळ्यांना समजावून वाटेला लावेपर्यंत लादी निम्मी झाली.

मग नाना दाराशी आले. "सूनबाई, येक बूट दे."

मी उंबऱ्याच्या आत उभी होते. मान हलवली. नाही म्हणून.

"धार लावत न्हाई."

मी पुन्हा मान हलवली.

"बर्फ चाललाय पोरी."

तेव्हा माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांसमोर आख्खं वाक्य निघालं. "नाना, आधी दगड माझ्याकडं द्या."

नानांनी माझ्याकडं बघितलं. वळले, दगड आणला. मी तरी उभीच. पुन्हा वळले आणि धार घासायची कानस आणली. दोन्ही माझ्या ओटीत ठेवली, तेव्हा मी बूट दिला.

त्यांनी परातीत लादी ठेवली, समोर उकिडवे बसले आणि बूट दोन्ही हातांनी धरून हळू पुढं ढकलला. तो सरकला. मागं ओढला. पुन्हा ढकलला. बर्फावर दोन बारीक रेघा उठल्या आणि लगेच पाण्यानं भरल्या.

"सरकतंय मातूर भारी," ते म्हणाले. "पर वळायला जागा न्हाई. तिला लई मोठं लागत आसंल."

मी ओटीतला दगड सांभाळत खाली बसले.

"विळा म्हनलं की मला गहू दिसतो," नाना म्हणाले. "कोयता म्हनलं की ऊस दिसतो. सुमी फोनवर सांगती, पोर आज पडली, पोर आज उठली. मला कायच दिसत न्हाई बग."

त्यांनी बूट जरा पुढं नेला.

"आपल्याकडं बर्फ कशाला आनत्यात, तुला ठावं हाय. माझ्या येळंलाबी आनतील, सुमी यिस्तवर. म्हनलं, त्याच्या आधी येकदा पोरीचा बर्फ बगावा."

जीपचा आवाज आम्हाला दोघांनाही ऐकू आला नाही. वर बघितलं तर वन्सं अंगणात उभ्या होत्या. त्यांचं तोंड बोलायला उघडलं होतं. मग त्यांना माझ्या ओटीतला दगड दिसला आणि त्या पायरीवर टेकल्या.

केतकी मात्र सरळ परातीशी येऊन बसली. तिनं नानांच्या हातावर हात ठेवला आणि बूट उभा धरून ढकलला. दोन रेघा. मग तिनं त्यांचं मनगट थोडं कलतं केलं आणि बूट वळवला. एकच रेघ उठली, वाकडी, विळ्यासारखी.

"आसं व्हय," नाना म्हणाले.

"आता दुसरीकडं," केतकी म्हणाली. बूट दुसऱ्या बाजूला कलला आणि विळा उलटा झाला. डावखुऱ्याचा. लादी बशीएवढी होईपर्यंत ते दोघं तेच करत राहिले. शेवटी नानांनी पातं धोतराच्या सोग्यानं कोरडं केलं, दात्यांच्या मधलंसुद्धा, आणि बूट तिला परत दिला. धारेला अंगठा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी गेल्या.

दगड माझ्याकडंच राहिला होता. नाना मागतील म्हणून मी वाट बघितली. मागितला नाही. नुसते पायरीवर बसायचे. लोक कोयते, खुरपी घेऊन यायचे आणि ते "ठेव" म्हणायचे. ढीग साचला. कुणी कशाला आणलंय, हेही विचारेनात.

मग एका सकाळी मीच माझा विळा घेतला, दगड घेतला, पाण्याचा डबा भरला आणि त्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवला. परत फिरले नाही. पदर धरून तिथंच उभी राहिले.

नानांनी विळा उचलला.

"कापायचं काय?"

"लसूणघास," मी म्हणाले. जरा मोठ्यानं म्हणाले. "विहिरीकडच्या वाफ्यातला. गुडघ्याएवढा झालाय, फुलावर आलाय."

नानांनी डोळे मिटले. त्यांना तो वाफा दिसला असावा, कारण त्यांनी दगडावर पाणी ओतलं.