तू म्हणायची उंची

दार ढकलून आत आलेला माणूस आपला साहेब आहे हे लक्षात आलं, तेव्हा एगॉन वुर्त्सिंगरच्या दोन्ही हातांत ओले मोजे होते आणि त्यातल्या एकाला अंगठा आरपार जाईल एवढं भोक होतं.

लिंत्सच्या सरकारी मोजणी कचेरीपासून शक्य तितकं लांब जायचं, म्हणून तर त्याने आणि रोस्विथाने ही सहल काढली होती. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. नऊ दिवसांत आल्प्समधले चार देश बघायचे, तेही फाटक्या खिशाने. म्हणजे हॉटेल नाही. गिर्यारोहण मंडळाच्या विश्रामघरात आठ जणांच्या सलग गादीवर झोपायचं, पाव आणि सॉसेज पाठीवरून न्यायचे, आणि वर गेल्यावर फक्त उकळतं पाणी विकत घेऊन त्यात आपली चहाची पुडी बुडवायची. स्वित्झर्लंडमध्ये तर त्यांनी एकच पुडी तीनदा बुडवली होती. रोस्विथाच्या मते तिसरा चहा सर्वांत चांगला झाला, कारण त्यात डोंगराची चव होती.

खर्चाचं सगळं जमलं. जमेना ते 'तू'.

आमच्याकडे आल्प्समध्ये हजार मीटरच्या वर कुणी कुणाला 'तुम्ही' म्हणत नाही. न्यायाधीश असो की गुराखी, वर सगळे अरे-तुरे. एगॉन मात्र जन्माचा कारकून. तो पोस्टमनच्या कुत्र्यालासुद्धा 'आपण' म्हणायचा. पहिल्याच विश्रामघरात त्याने मालकाला "आपल्याकडे सूप मिळेल का?" असं विचारलं, तर मालकाला वाटलं हे करखात्याचे लोक आहेत. त्याने घाईघाईने हिशेबाच्या वह्या आणल्या, सूप शेवटपर्यंत आणलं नाही. मग रोस्विथाने सहा दिवस चढावर त्याच्याकडून 'तू' घोटवून घेतलं, आणि आज दुपारी त्याने इथल्या मालकिणीला, क्रेसेन्झला, "तू मीठ दे" असं न अडखळता म्हटलं होतं. रोस्विथाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आणि आता दारात साहेब, म्हणजे 'होफ्राट' हा बडा सरकारी किताब नावापुढे लावणारे डॉक्टर ओटमार क्रॉइत्सहूबर उभे.

हे फक्त साहेब असते तरी चाललं असतं. पण एगॉनचा बदलीचा अर्ज दोन वर्षं यांच्याच टेबलावर पडला होता. बदली हवी होती ती दक्षिणेकडच्या फिलाख गावी, कारण तिथे एगॉन-रोस्विथाची मुलगी राहायची. तिच्या जुळ्या पोरींनी आजोबांना मोजून चार वेळा पाहिलं होतं, आणि हल्ली त्या शेजारच्या नळ दुरुस्त करणाऱ्याला आजोबा म्हणायला लागल्या होत्या.

"अरे, एगॉन," साहेब बाकावर त्याच्याशेजारीच बसले. "सरक जरा. इथे मी ओटमार बरं का."

एगॉन सरकला तो थेट भिंतीला टेकला. साहेबांना तू म्हणावं तर फिलाख गेलं. तुम्ही म्हणावं तर डोंगराचा रिवाज मोडला, म्हणजे साहेबांना तोंडावर परकं म्हटल्यासारखं, म्हणजे पुन्हा फिलाख गेलं. तेव्हा त्याने सत्तावीस वर्षांच्या नोकरीतली एकमेव विद्या बाहेर काढली आणि वाक्यातून माणूसच काढून टाकला.

"प्रवास सुखाचा झाला असावा," तो म्हणाला. मग, "सूप घेतलं जाणार आहे का?" मग, "खिडकी लावली गेली तर बरं वाटेल की उघडी ठेवली गेली तर?"

अर्ध्या तासाने साहेबांनी रोस्विथाला बाजूला घेऊन विचारलं, याला उंची बाधलीय का. ती म्हणाली, नाही, हा खालीही असाच असतो.

ऊन कलायच्या आत साहेब बाटली भरायला बाहेर गेले. अंगणात लाकडी डोणीत बर्फाचं पाणी पडत होतं. ते वाकले. त्यांच्या मागे क्रेसेन्झचा बोकड उभा होता, आणि त्याने मान खाली घातली. एगॉनने ते पायरीवरून पाहिलं. एक शब्द पुरेसा होता. 'सरक.' तोच शब्द, जो साहेबांनी मघाशी सहज वापरला होता.

"सांगण्यास संकोच वाटतो," एगॉन म्हणाला, "पण पाठीमागच्या बाजूस एका बोकडाचं आगमन झालेलं असून, किंचित डावीकडे होण्याबाबत विचार केला गेल्यास..."

'विचार'पाशी बोकड पोचला. 'गेल्यास' म्हणेपर्यंत होफ्राट डॉक्टर क्रॉइत्सहूबर कमरेपर्यंत डोणीत होते आणि त्यांचे पाय आभाळाकडे होते.

त्यांना बाहेर ओढून, क्रेसेन्झच्या घोंगडीत गुंडाळून चुलीपुढे बसवलं. बराच वेळ त्यांचे दातच बोलत होते. एगॉन कोपऱ्यात उभा होता. त्याच्या डोळ्यांपुढे नळवाला दोन्ही पोरींना खांद्यावर घेऊन चालला होता.

"तू नेहमी असंच बोलतोस?" अखेर साहेबांनी विचारलं.

"लिहितो तर याहून," उत्तर रोस्विथाने दिलं. "ओटमार, तुझ्याकडे याचा बदलीचा अर्ज पडलाय दोन वर्षं. तेवढा बघ की रे बाबा."

"कसली बदली? याचा एकच कागद आलाय माझ्याकडे." साहेबांनी डोळे मिटून आठवलं, आणि त्यांना तो पाठ होता, कारण पाच वेळा वाचूनही कळला नव्हता. "'आपल्या सवडीनुसार, व कुणाचीही गैरसोय होत नसल्यास, दक्षिणेकडील हवामान मानवण्याची शक्यता नाकारता येत नाही, याबद्दल मी आपला ऋणी आहे.' मी तो हवामानाच्या फायलीत लावला."

रोस्विथा नवऱ्याकडे बघत राहिली. दोन वर्षं तिने दर रविवारी या साहेबाला शिव्या घातल्या होत्या, चर्चमध्ये बसूनसुद्धा. मग तिने क्रेसेन्झकडून कागद मागून घेतला, त्यावर लिहिलं, 'मला फिलाखला पाठव. तिथे माझ्या नाती आहेत. एगॉन.' आणि तो साहेबांच्या पुढ्यात ठेवला.

साहेबांनी तो एकदाच वाचला. "फिलाखची जागा तर वर्षभर रिकामी आहे," ते पुटपुटले. "कुणी मागतच नाही." त्यांनी घोंगडीतून हात काढला आणि सही केली. एगॉन मटकन खाली बसला.

पण साहेब पेन परत देईनात. ते रोस्विथाजवळ सरकले.

"आणखी एक कागद आहे का?" त्यांनी हळूच विचारलं. "व्हिएन्नाला माझाही एक अर्ज चार वर्षं पडून आहे."

"कशाचा?"

साहेबांनी चुलीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "म्हणजे... प्रकृतिमान आणि सेवाकाल लक्षात घेता, पदभारातून मोकळं केलं जाण्याबाबत अनुकूलता दर्शवली गेल्यास..."

रोस्विथाने कपाळावर हात मारून घेतला.  बोलला तो एगॉन, भिंतीशी खाली बसल्या बसल्या.

"ओटमार," तो म्हणाला, "नीट सांग. तुला काय हवंय?"