दोन लाल, एक हिरवी

नागवेकर काकांसमोर मिरच्यांची वाटी ठेवू नये. सिंगापुरात, बुकित बातोकला आमच्या ब्लॉकखालच्या खाण्याच्या ठेल्यांच्या हॉकर सेंटरमध्ये मी ती चूक पहिल्याच भेटीत केली. नूडल्सबरोबर आलेल्या चिरलेल्या मिरच्या काकांनी चमच्याने उपसल्या आणि टेबलावर मांडल्या.

"लाल म्हणजे इंग्रज, हिरवी म्हणजे पोर्तुगीज. दोन लाल, एक हिरवी. झाली एक डिव्हिजन."

टेबल पुसणाऱ्या बाईंनी फडक्याने सगळी फौज बादलीत लोटली, तेव्हा कुठे मला जेवायला मिळालं.

काका मूळचे गोव्याचे, बँकेतून निवृत्त, तीस वर्षं सिंगापुरात. कुणाला क्रिकेटचं वेड असतं, कुणाला शेअरचं. काकांना वेड दोनशे वर्षांपूर्वीच्या एका सैन्याचं. फ्रेंच पोर्तुगालवर चालून आले आणि इंग्रज मदतीला धावले. भाषा वेगळी, धर्माची रीत वेगळी, आणि या पोर्तुगीजांना काय लढता येणार, असं इंग्रजांना वाटायचं.

"मग केलं काय?" काका स्वतःच विचारत. "नुसतं शेजारी उभं नाही केलं. मिसळलं. दोन इंग्रज ब्रिगेडींना एक पोर्तुगीज. पलटणीचा प्रमुख इंग्रज, तर दुय्यम पोर्तुगीज. प्रमुख पोर्तुगीज, तर दुय्यम इंग्रज. लढले की नाही मग खांद्याला खांदा लावून?"

नाही म्हणायची माझी काय बिशाद.

हे औषध ते कुठल्याही दुखण्यावर देत. शेजारच्या मिस्टर टॅनने कॉरिडॉरमध्ये दोन कुंड्या ठेवल्या, तर काकांनी मधोमध आपली तुळस नेऊन ठेवली. "अंकल, युअर प्लांट कम माय साइड अगेन लाह," असं टॅन महिनाभर कुरकुरला. पुढे तोच तिन्ही कुंड्यांना पाणी घालू लागला. काका मला म्हणाले, "बघितलंत?"

त्या सुमारास पुण्या-मुंबईहून आयटीवाल्यांची रीघ लागली होती आणि आमच्या मराठी मंडळात दोन तट पडले होते. आम्ही पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना मिळालेले जुने, ते नोकरीपुरत्या एम्प्लॉयमेंट पासवाले नवे. आम्हाला वाटे, ही दोन वर्षांची पाहुणी मंडळी. त्यांना वाटे, आम्ही मंडळ सातबाऱ्यावर चढवून घेतलंय. शेवटी नव्यांनी सांगूनच टाकलं की यंदाही गणपतीत आम्हाला नुसत्या खुर्च्या मांडायला लावल्या, तर पुढच्या वर्षी आमचा गणपती वेगळा, आमच्या सोसायटीत, कॉन्डोत. मंडळ फुटायची वेळ आली.

"मोदकांचं काम माझ्याकडे द्या," काका म्हणाले.

हॉलमध्ये मोदकांची टेबलं लागली आणि भिंतीवर काकांची यादी. प्रत्येक टेबलावर दोन जुने, एक नवा. प्रमुख जुना, तर दुय्यम नवा. पुढच्या टेबलावर उलट. नवरा-बायकोंची ताटातूट झाली, जिवलग मैत्रिणी दोन टोकांना गेल्या. पण तासाभरात पहिल्या दोन टेबलांवर हसणं-खिदळणं सुरू झालं.

घोटाळा तिसऱ्या टेबलावर झाला. जुने-नवे मोजताना, मोदक कुणाला येतात हे बघायचं काका विसरले होते. जुने म्हणजे मी आणि माझ्याच बँकेतले सबनीस. आम्हा दोघांचा मोदकाशी संबंध फक्त खाण्यापुरता. नवी केतकी, क्वीन्सटाउनला राहणारी इंजिनिअर. "पुण्यात आम्ही ऑर्डर द्यायचो," ती हळूच म्हणाली. माझा मोदक बसका झाला. सबनीसांचा फुटला आणि सारण त्यांच्या चपलेवर सांडलं.

"म्हणून म्हणत होते, नव्यांच्या हातात देऊ नका," पलीकडून जुन्यांपैकी एक काकू म्हणाल्या. फोडला सबनीसांनी, पण चेहरा उतरला केतकीचा. हात पुसून ती उठलीच. ती गेली असती तर तिच्यामागे सगळे नवे गेले असते. दाराकडे जाताना ती यादीपाशी थांबली.

"काका, तुमचं नाव कुठेच नाही."

"मी राखीव फौज."

"ती कधी बोलवतात?"

"फळी फुटली की."

"मग या. फुटलीये."

काका क्षणभर घुटमळले, मग येऊन बसले. बोटं पाण्यात बुडवून उकडीचा गोळा घेतला आणि अंगठ्याने फिरवत अशी पातळ पारी केली की सबनीसांनी चष्मा वर केला. एकेक कळी नीट, नाजूक. मग केतकीच्या हातात गोळा दिला. "अंगठा आत, दोन बोटं बाहेर. घाई नको."

"कुणी शिकवलं तुम्हाला?"

"मालूने." काकांची बायको, मालूकाकू, जाऊन चार वर्षं झाली होती. "इथल्या पहिल्या गणपतीला ती मोठ्या हौसेने आली, तर बायका तिच्या कोकणीला हसल्या. कुणी टेबलाशी बोलावलं नाही. भांडी घासून घरी परतली, ती पुन्हा मंडळात कधी आली नाही. मग घरीच करायचो आम्ही, एकवीस. करायला दोघं, खायलाही दोघं."

कितीतरी वर्षं मी त्यांच्या मिरच्यांना हसत आलो होतो. हे कधी विचारलं नव्हतं, याची मला लाज वाटली. पलीकडच्या काकूंचे हातही थांबले होते.

"तेव्हा मला ही मिसळायची पद्धत ठाऊक नव्हती हो," काका म्हणाले.

केतकीने पेन घेतलं. तिसऱ्या टेबलाच्या प्रमुखपदावरून माझं नाव खोडून काकांचं लिहिलं आणि मला नारळ खवायला पाठवलं.

कॉन्डोत गणपती बसला नाही. पुढच्या वर्षी यादी केतकीने केली. तिने दोन दिवस आधी काकांना फोन केला आणि विचारलं, "मालूकाकू सारणात काय घालायच्या?"