माळ्यावरच्या फ्लशचं गूढ

दिनानाथ चुरी हे विरार पश्चिमेतले सर्वश्रेष्ठ गुप्तहेर होते, निदान त्यांच्या स्वतःच्या मते. डोकं तल्लख, नजर घारीची, चाल मांजराची. अलीकडे गुडघे कुरकुरायचे, त्यामुळे मांजर जरा लांबूनच ऐकू यायचं. आजवर एकही प्रकरण त्यांनी अर्धवट सोडलं नव्हतं, कारण आजवर एकही आलंच नव्हतं.

आज आलं, आणि आलं ते थेट त्यांच्याच संडासात. फ्लश आपोआप सुरू झाला होता आणि थांबायचं नाव घेत नव्हता.

हा फ्लश म्हणजे दिनानाथांचंच डोकं. संडास-न्हाणीघर एकत्र, तेही एवढंसं, आणि शांताला कपडे धुवायचं मशीन हवं होतं. इतकी वर्षं उकिडवं बसून धुणं घासून तिची मनगटं कामातून गेली होती. मग दिनानाथांनी कमोडमागची टाकी काढून भिंतीपलीकडे, स्वयंपाकघराच्या माळ्यावर चढवली. कमोड भिंतीला चिकटला, मशीनची जागा झाली. टाकीची दोरी स्वयंपाकघराच्या छताखालून, भिंतीतल्या भोकातून संडासात उतरवली. ओढली की पाणी, सोडली की बंद.

"अहो, संध्याकाळी मशीन येतंय," बाजारातून नुकतीच आलेली शांता रडकुंडीला येऊन म्हणाली. "हे थांबलं नाही तर टाकी पुन्हा खाली येणार आणि मशीन परत जाणार. माझ्या नशिबी बादलीच!"

दिनानाथांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. पण गुप्तहेरानं विरघळायचं नसतं. त्यांनी भिंग काढलं.

"निदान वरचा कॉक तरी बंद करा."

"आणि गुन्हेगाराला सावध करू? वा!"

पहिला संशय उंदरावर होता. पण उंदीर इतका वेळ दोरी धरून का बसेल? दुसरा संशय भुतावर. तो त्यांनी स्वतःच घाईघाईनं रद्द केला, कारण संडासात ते एकटेच होते. उरला खालच्या मजल्यावरचा अँथनी. दिनानाथांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"अँथनी! आमचं पाणी खेचतोस?"

"काका, पाणी वरून खाली येतं," खालून अँथनी ओरडला. "तुमच्या फ्लशनं माझी झोप उडालीय, आधी तो आवरा!"

"उलट बोलतोय, म्हणजे हाच!" दिनानाथ गरजले. "कबूल कर!"

आणि काय आश्चर्य! पाणी थांबलं.

"बघितलंस शांता? घाबरला!"

पाणी पुन्हा सुरू झालं. थांबलं. सुरू झालं.

"आता टिंगल करतोय मेला!"

"अहो, जरा इकडे या," स्वयंपाकघरातून शांताचा आवाज आला.

ती दोन्ही हातांनी राजेळी केळ्यांचा भलामोठा घड पेलून उभी होती. घड वर उचलला की पाणी बंद, सोडला की धो धो.

"डोक्याला लागला म्हणून बाजूला सारायला गेले. हा इथे कोणी बांधला?"

दिनानाथांनी घसा खाकरला. सकाळी आगाशीहून मेहुण्यानं घड पाठवला होता. वाडीतल्या घरी घड दोरीला टांगायची लहानपणापासूनची सवय. छताखाली दोरी आयती दिसली, हात आपोआप चालले.

"म्हणजे गुन्हेगार घरातलाच होता," ते हळूच म्हणाले.

"सोडा तो आधी! माझे हात भरून आलेत."

संध्याकाळी मशीन आलं आणि त्या जागेत अगदी बोटही शिरणार नाही इतकं चपखल बसलं. शांतानं पहिलं धुणं टाकलं, समोर स्टूल ओढलं आणि गोल काचेतून फिरणाऱ्या साडीकडे बघत बसली. जागची हललीच नाही. दुखरी मनगटं तिनं मांडीवर उलटी टाकली होती.

दिनानाथांनी भिंग कपाटात ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न सांगता, दोघांचा चहा टाकला.