मौजे खडकवाडी येथील स्ट्रॉबेरीच्या अंतराची मोहीम

सकळ बागाईतदार, त्यांची कुटुंबे आणि बांधावर उभे राहोन फुकट सल्ला देणारे, यांसी विदित व्हावे जे, प्रभूच्या दयेकरून आणि त्या आठवड्यात मोटारीस दिवसाची लाईट असल्याकारणे, संगमनेर प्रांती, प्रवरातीरी, मौजे खडकवाडी येथे दोन गुंठे मुलखावर जी स्ट्रॉबेरीची मोहीम जाहली, तिची ही हकिकत. पूर्वी थोरांच्या पदरी बखरकार असत. आमचे नायक स्टीफनराव मास्तर यांच्या पदरी कोणीच नाही, सबब त्यांची थोरवी त्यांसच लिहिणे प्राप्त आहे. नायक आणि बखरकार एकच असल्याने पराभव थोडका आणि मुत्सद्देगिरी फार दिसेल, हे वाचणाराने जाणोन असावे.

स्टीफनराव हे चित्रकलेचे मास्तर. उमर पोरांच्या हाती पट्टी-कंपास देण्यात घालवोन नुकतेच पेन्शनीत दाखल जाहले, आणि घरी बसोन चहात साखर किती, झाडू कोणत्या कोपऱ्यात, ऐशा कारभारात दखल देऊ लागले. वावराची मुखत्यारी त्यांचे कुटुंब सकलसौभाग्यसंपन्न कृपाबाईसाहेब यांजकडे. कांदा, गुरांचा घास, चार गाई, ही सर्व दौलत त्याच राखीत. मास्तरांनी स्ट्रॉबेरीचा मनसुबा हुजुरात मांडिला, तेव्हा बाईसाहेबांनी शेण काढता काढता फर्माविले ऐसे जे, "दोन गुंठे घ्या. पन फसलं, तर पुन्ना वावरात नाक खुपसायचं न्हाई. वट्यावर बसायचं आन् पेपर वाचायचा." मास्तरांनी तह कबूल केला, परंतु त्या दिवशी जेवण गोड लागले नाही, कारण पेपर किती लवकर संपतो आणि मग दिवस किती उरतो, हे त्यांस पुरते ठाऊक जाहले होते.

मग मसलत अंतराची. रोपारोपांत एक फूट राखावे, वाफ्यावर दोन ओळी धराव्या, आणि दुसऱ्या ओळीचे रोप पहिलीच्या दोहोंच्या मधोमध यावे, म्हणजे पानास पान न भिडता वारा खेळेल आणि फळास कूज न लागेल. येथवर शहाणपण ठीक होते. परंतु मास्तरांनी ड्रॉइंग पेपरावर आठही वाफे रेखिले, आणि मग त्यांस छाया-प्रकाश दिला, आणि मग कोपऱ्यात किरणांसहित सूर्य काढिला, आणि तो नकाशा शेजारचे भागवतराव यांस दाखविला. भागवतराव बोलिले, "सर, झ्याक हाय. पन ह्यात मोर न्हाई काढला?" मास्तरांनी त्या फितूर माणसाकडे दुर्लक्ष केले आणि वाफ्यांवर शाळेच्या मैदानासारखी फक्की पाडोन, रोपागणिक एक पांढरा ठिपका ऐसा बंदोबस्त केला.

लागवडीचे दिवशी वाईहून रोपांचा टेम्पो आला आणि मुक्ताबाईंची टोळीही आली. ही टोळी पंचक्रोशीत कांदालागणीत नामजाद; हात ऐसे की पाहणाराचे डोळे दमावे. मास्तरांनी तिजपुढे अंतराचे महत्त्व या विषयावर भाषण केले. ते संपल्यावर मुक्ताबाईंनी विचारिले, "व्हय, कळलं. भेळ कवा?" नव्या पिकाची लागण म्हणजे मालकाने टोळीस भेळ चारावी, हा मुलखाचा दस्तूर. बाईसाहेब दूध घालावयास डेअरीवर गेलेल्या, सबब खासा स्टीफनराव स्कुटरीवर बैसोन संगमनेराकडे कूच करते जाहले. लढाईस तोंड लागताना सेनापती भेळेस गेला, ऐसे पूर्वी घडल्याचे ऐकिवात नाही.

इकडे टोळी वाफ्यात उतरली. कांदा चिखलात लावितात. कोरड्यात बोट कोण घालील? म्हणोन मुक्ताबाईंनी मोटारीचे बटण दाबिले आणि वाफे भिजवोन घेतले, आणि पाण्याबरोबर फक्की गेली, आणि फक्कीबरोबर ठिपके गेले, आणि मग हात आपल्या वळणावर गेले. कांद्याचे अंतर चार बोटे. मास्तर भेळ घेवोन परतले तो आठ वाफ्यांची सकळ फौज दीड वाफ्यात खांद्यास खांदा लावोन उभी, आणि बाकी मुलूख ओसाड. मुक्ताबाई हात झाडीत बोलिल्या, "सर, रोपं लई कमी आनली तुमी."

स्टीफनराव बांधावर बैसले. भेळेची पिशवी मांडीवर, डोळ्यांपुढे वटा आणि पेपर. ऊन चढत होते, मुळ्या सुकतील ही धास्ती. टोळी रोपे उपटोन पुन्हा लावू गेली, पट्टी ठेविता ठेविता एक ओळ होईना, आणि पट्टी काढिली की बोटे पुन्हा कांद्यावर. "डोकं ऐकतंय वो," मुक्ताबाई कळवळोन म्हणाल्या, "हात ऐकंनात."

इतक्यात बाईसाहेब डेअरीवरून आल्या. आधी पोट धरोन हसल्या, आणि मग पदर खोचोन हुकूम केला, "अहो, तुमचं फूट ऱ्हाऊ द्या. मुक्तामावशी, एक रोप लावा, मग तीन कांदे नुसतेच मनात लावा, मग पुन्ना रोप. दुसरी वळ मनातले दोन कांदे सोडून धरा, म्हंजी रोप मधोमध यील." आणि काय सांगावे! हात मोकळेच तीनदा चिखलास टेकू लागले, टोळी एका सुरात "कांदा, कांदा, कांदा, रोप!" ऐसे म्हणत सरकू लागली, आणि मास्तरांनी मागोन टेप लावोन पाहिला तो फूट बरोबर. तेव्हा ते टेप गुंडाळोन भेळ वाटू लागले.

पुढे थंडीत वाफे ऐसे शोभले की भागवतराव मोर विसरले. वारा खेळला, फुले आली, हिरवी फळे धरली; पहिले लाल जाहले ते बुलबुलाने निम्मे खाल्ले. बाईसाहेब पाहणीस आल्या आणि तिसऱ्या वाफ्यात थबकल्या. दोन रोपांच्या मधोमध हिरवीगार पात. टोळीपैकी कोणाच्या ओटीत आदल्या दिवशीच्या कांदालागणीचे रोप राहिले असावे. मनातल्या कांद्यांपैकी एक खरा लागला होता.

त्यांनी तो उपटिला, ओढ्यात धुतला, दगडावर ठेवोन बुक्कीने फोडिला आणि अर्धा मास्तरांच्या हाती देऊन फर्माविले, "फुडच्या साली पाच गुंठे घ्या. आन् नकाशात सूर्य काढीत बसू नका. वर हाय एक."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. हाती आलेली लूट, निम्मे फळ आणि अर्धा कांदा. ते समयी स्टीफनरावांचे डोळे भरोन आले. कांदा कोवळा असोन तिखट नव्हता, परंतु बखरीत तिखट होता ऐसेच लिहिले आहे.