नव्या डिस्कवर कोण बसलंय?

विभागातल्या अनसने मला आधीच बजावलं होतं. "जिन्सी, सेतुमाधवन सरांसमोर 'बिघाड' म्हण, 'अडकलंय' म्हण, काय वाटेल ते म्हण. फक्त 'कळत नाही' म्हणू नकोस." पण बाळंतपणाची रजा संपवून आलेल्या बाईचे कान सल्ल्यांनी किटलेले असतात. बाळाला कुठल्या कुशीवर झोपवायचं इथपासून सगळं मला सगळ्यांनी सांगून झालं होतं. मी हसून सोडून दिलं.

आज दुपारी एसीने गारठलेल्या सर्व्हर खोलीत मी सरांसमोर म्हटलं, "कळत नाही, सर."

सर खुर्चीतून उठले. आमच्या त्रिशूरच्या कॉलेजात ते सर्व्हर सांभाळतात, पण ते पगारापुरतं. मनाने ते गुप्तहेर आहेत.

"जिन्सी," ते म्हणाले, "देवाने सगळ्यांना डोळे दिले आणि दमला. मग उरलेली नजर त्याने एकट्या माझ्यात ओतली. प्राचार्यांची हरवलेली छत्री कोणी शोधली?"

"ती त्यांच्या हातातच होती, सर."

"पण तिकडे पाहिलं कोणी?"

भानगड अशी होती. मुलांचे गुण ठेवलेली जुनी डिस्क कुरकुरायला लागली, म्हणून सकाळी अनसने नवी बसवली. सर्व्हरमध्ये नुसती डिस्क खोचून भागत नाही. तिला कुठल्या तरी फोल्डरवर जोडावं लागतं, त्याला आम्ही माउंट करणं म्हणतो. नवी डिस्क आधी एका तात्पुरत्या जागी जोडून तिच्यात सगळे गुण उतरवून घेतले. आता तिथून काढून ती जुनीच्या जागी जोडायची, की झालं. पण सर्व्हर ती काढू देईना. 'जागा वापरात आहे' एवढंच म्हणत राहिला. आत कोणी बसलेलं असलं की तो डिस्क सोडत नाही. झोपलेल्या बाळाखालून दुपटं ओढायला गेलं की बाळ जसं रडतं, तसंच हे.

आणि माझं खरं बाळ रस्त्यापलीकडच्या पाळणाघरात होतं. पाळणाघर पाचला बंद होतं. सिस्टर फिलोमिनांनी कालच सांगितलं होतं, "आणखी एकदा उशीर झाला, तर इवाची जागा दुसऱ्या बाळाला देईन. रांग गेटपर्यंत आहे." या भागात दुसरं पाळणाघर नाही. इवाची जागा गेली, की तिच्यामागून माझी नोकरी.

"गुन्हा उघडकीस येईपर्यंत कोणीही जागा सोडायची नाही," सर म्हणाले आणि त्यांनी कमरेचा मुंडू लुंगीसारखा गुडघ्यापर्यंत दुमडून खोचला. म्हणजे आता ते कोणाचं ऐकणार नव्हते.

"सर, आत कोण आहे ते सर्व्हरलाच विचारू या ना," मी म्हटलं.

विचारलं. उत्तर आलं: सिस्टम.

ते येणारच होतं. आमच्या विभागात सगळे 'सिस्टम' याच नावाने आत जातात. वेगवेगळी नावं ठेवली तर विभागात फूट पडेल, असं प्राचार्यांचं मत आहे. पासवर्डही सगळ्यांचा एकच, आणि तो विभागाच्या ओणमच्या फोटोखाली चिकटवलेला.

"बघितलंस? त्याने आपलंच नाव घेतलंय," सर म्हणाले. "पत्ता कुठला?"

"कॉलेजच्याच जाळ्यातला, सर."

"घरभेदी." त्यांनी अनसकडे पाहिलं. "हात दाखव."

अनसने हात पुढे केले. सरांनी वास घेतला. "पळमपोरी. पिकल्या केळ्याची, तळलेली."

"चहाबरोबर खाल्ली, सर. तुम्हीच मागवली होती."

"तेलकट हाताने डिस्क बसवली. डिस्क चिकटली. म्हणून निघत नाही."

"सर, ती खोक्यातून काढायची नाहीये. नुसती जोडणी सोडवायची आहे."

"चिकट माणसं असंच बोलतात."

पुढची शंका इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांवर. त्यांचा विभाग गेल्या क्रीडादिनी आमच्याकडून रस्सीखेच हरला होता. त्यापुढची जुन्या डिस्कवर: तिला अपमान सहन झाला नसावा. सरांनी तिला टेबलावर ठेवून दोनदा दरडावलं. ती काही बोलली नाही, आणि ते त्यांना फार सूचक वाटलं.

मग ते माझ्याकडे वळले. "तुझे डोळे लाल आहेत."

"इवाला दात येतायत, सर."

"आणि सारखी घड्याळाकडे बघतेस."

"पाळणाघर, सर. सर, त्या आत बसलेल्याला सरळ बाहेर काढू या ना. एक आज्ञा द्यायची, की तो बंद पडेल."

"मेलेला संशयित जबानी देत नाही, जिन्सी. मला तो जिवंत हवाय." आणि त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढून घेतला.

साडेचार वाजून गेले होते. माझ्या डोळ्यांसमोर सिस्टर इवाचा पाळणा पुसून दुसऱ्यासाठी तयार करत होत्या. तेवढ्यात माझा फोन वाजला. पंकजाक्षीचेची, सरांच्या बायको, कॉलेजच्याच क्वार्टरमधून.

"जिन्सीमोळे, अगं पोरी, यांचा फोन बंद आहे. कसला तपास चाललाय का?"

"चाललाय, चेची."

"बरं. दुपारी जेवायला आले ते लॅपटॉप टेबलावर उघडाच टाकून झोपले, आणि उठले ते तसेच गेले. मला इथे फणस कापायचाय. याचं काय करू?"

मी हळूच भिंतीकडे तोंड केलं. "पडद्यावर काय दिसतंय, चेची?"

"काळं आहे सगळं. आणि एक चौकोन मिचमिचतोय. जेवताना सांगत होते, कॉपी नीट होतेय का ते आत बसून बघतोय म्हणून. भात खाल्ला नि तिथेच घोरायला लागले."

"बंद करा, चेची. पूर्ण बंद."

"आधी हाताला खोबरेल लावते, नाहीतर चीक..."

"आधी बंद करा, चेची. मग फणस."

पलीकडे टिक् वाजलं. मी सरांना म्हटलं, "एकदा परत काढून बघा ना."

सरांनी बटण दाबलं. डिस्क निघाली. तिला जुनीच्या जागी जोडलं, फोल्डर उघडलं. सगळ्या मुलांचे गुण तिथेच होते, कमी होते ते कमीच.

"घाबरून पळाला," सर म्हणाले. "मी त्याला चहूबाजूंनी घेरलं होतं."

"सर, तो तुमच्या जेवणाच्या टेबलावर होता. तुमच्याच लॅपटॉपमध्ये. दुपारपासून."

अनसने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं, आणि तसाच बाहेर पडून बस पकडायला गेला.

"म्हणजे," सर सावकाश म्हणाले, "तो माझ्या घरापर्यंत पोचला होता." आणि माग काढायला ते सर्व्हरच्या कपाटामागे वाकले.

मी पिशवी उचलली आणि पळाले. सिस्टर फिलोमिना गेटला साखळी लावत होत्या, इवा त्यांच्या कडेवर. "आलीस," त्या म्हणाल्या. त्यांनी इवा माझ्याकडे दिली, पाळणा तिचाच राहिला.

आता मी घराजवळच्या स्टॉपवर आहे. इवा खांद्यावर झोपली आहे. तिचा रुमाल काढायला पिशवीत हात घातला, तर हाताला सर्व्हर खोलीची किल्ली लागली. निघताना मी कुलूप लावलं, ते लागलंय ना म्हणून ओढूनही पाहिलं. मी नेहमीच ओढून पाहते. आत कोणी आहे का, एवढं मात्र पाहिलं नाही.

सर तपास संपल्याशिवाय फोन सुरू करत नाहीत, आणि हा तपास संपलाय हे त्यांना मान्य नाही. अनस उचलत नाही. चेचींचे हात फणसात आहेत. मी उलटी बस धरून निघतेच आहे, पण तुमच्यापैकी कोणी कॉलेजच्या बाजूला असेल, तर जरा पुढे जा. डावीकडचं शेवटचं दार. टकटक करा आणि सरांना त्या एसीत फार थंडी वाजत नाही ना, एवढं विचारून घ्या.